पऱ्हाटी जाळायची, गाडायची की विकायची? बायोमास ऊर्जेचा गावाच्या बाजूने हिशेब

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचा आणि काडी लावून मोकळं व्हायचं, हे कापूस पट्ट्यातलं दरवर्षीचं चित्र. तुराट्या, सोयाबीनचं कुटार, गव्हाची धस्कटं, उसाचं पाचट यांचंही बऱ्याच ठिकाणी हेच होतं. दुसरीकडे याच मालापासून वीज, गॅस आणि पांढरा कोळसा तयार होतो, कारखाने तो विकत घेतात, सरकार त्यासाठी योजना काढतं. यालाच बायोमास ऊर्जा म्हणतात.

मग शेतकऱ्याच्या हातात त्यातून खरंच काही पडतं का? काय विकावं आणि काय शेतातच ठेवावं? सौदा करताना काय विचारावं? याची माहिती एका जागी.

बायोमास म्हणजे नेमकं काय?

झाडं, पिकं आणि जनावरं यांच्यापासून मिळणारा, जळणारा किंवा कुजणारा कोणताही माल म्हणजे बायोमास. मराठीत त्याला जैवभार असाही शब्द आहे, पण बाजारात बायोमासच चालतो. त्याचे साधारण तीन भाग पडतात.

- शेतातलं: पऱ्हाटी, तुराटी, कुटार, पाचट, तणस, मक्याची धाटं
- कारखान्यातलं: उसाचं चिपाड म्हणजे बगॅस, प्रेसमड म्हणजे मळी, भाताचा कोंडा, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा
- गोठ्यातलं आणि घरातलं: शेण, कोंबडीखत, खरकटं, भाजीबाजाराचा कचरा

याला नवीकरणीय म्हणतात, कारण पीक वाढताना हवेतला जेवढा कार्बन घेतं तेवढाच जळताना परत जातो आणि पुढच्या हंगामात पुन्हा पीक उभं राहतं. दगडी कोळशाचं तसं नाही. तो लाखो वर्षांचा साठा, एकदा जळाला की संपला. मात्र यात एक अट आहे. झाड तोडून ते परत लावलं नाही, किंवा हलका माल शंभर-दीडशे किलोमीटर डिझेल जाळत नेला, तर हा हिशेब बिघडतो.

देशात माल किती आहे?

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासाठी झालेल्या अभ्यासानुसार, चारा, खत, जळण हे सगळं वजा करून देशात दरवर्षी सुमारे २३ कोटी टन शेतमालाचे अवशेष शिल्लक राहतात. त्यातून अंदाजे २८ हजार मेगावॉट वीज होऊ शकते. साखर कारखान्यांच्या चिपाडातून आणखी सुमारे १४ हजार मेगावॉटची शक्यता धरलेली आहे. प्रत्यक्षात उभी क्षमता १० हजार मेगावॉटच्या थोडी वर आहे आणि त्यातही मोठा वाटा साखर कारखान्यांचा.

महाराष्ट्रात कापसाखाली साधारण ४० लाख हेक्टर क्षेत्र असतं. एका हेक्टरमधून वाळलेली पऱ्हाटी निघते दोन ते तीन टन, म्हणजे एकरी साधारण ८ ते १२ क्विंटल. एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीत ३,८०० ते ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. आपल्याकडच्या साध्या दगडी कोळशाच्या जवळपासच. म्हणजे धुऱ्यावर जळतो तो कचरा नाही, इंधन आहे.

ऊर्जा तयार होते कशी? चार रस्ते

पहिला रस्ता, दाबून जाळणे. पऱ्हाटीची कुट्टी करायची, वाळवायची आणि मशीनमध्ये प्रचंड दाबाने तिच्या कांड्या पाडायच्या. याच कांड्यांना ब्रिकेट किंवा पांढरा कोळसा म्हणतात. त्यापेक्षा बारीक, जनावरांच्या गोळी पेंडीसारखा माल म्हणजे पेलेट. दाबल्यामुळे सुट्या मालापेक्षा जागा कितीतरी कमी लागते आणि वाहतूक परवडते. वीटभट्ट्या, डाळ मिल, कापड कारखाने, दूध प्रक्रिया केंद्रं यांच्या बॉयलरमध्ये हा माल जातो. कापसाच्या पऱ्हाटीपासून ब्रिकेट, पेलेट आणि पार्टिकल बोर्ड करण्यावर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने बरंच काम केलेलं असून तिचं प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे.

औष्णिक वीज केंद्रांतही कोळशासोबत पेलेट जाळतात. एनटीपीसीच्या दादरी केंद्रात २०१७ मध्ये याची सुरुवात झाली. पुढे केंद्र सरकारने हे बंधनकारक केलं. २०२३ च्या सुधारित धोरणात २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के बायोमास मिसळण्याचं ठरलं. विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मौदा ही मोठी औष्णिक केंद्रं आहेत. त्यामुळे कापूस पट्ट्यासाठी हा विषय लांबचा नाही.

दुसरा रस्ता, सहवीजनिर्मिती. एक टन ऊस गाळला की पावणेतीन ते तीन क्विंटल चिपाड निघतं. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची, त्या वाफेवर आधी वीज करायची आणि उरलेल्या वाफेवर कारखाना चालवायचा. जास्तीची वीज महावितरणला विकतात. देशातला बायोमासचा हाच सगळ्यात यशस्वी प्रकार. कारण सोपं आहे. ऊस कारखान्यात येणारच असतो, त्यामुळे चिपाड गोळा करायचा वेगळा खर्च नाही.

तिसरा रस्ता, गॅसिफायर. कमी हवेत माल अर्धवट जाळला की जळणारा वायू निघतो. तो गाळून इंजिनात सोडला की गावापुरती वीज होते. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर १९९७ मध्ये ५०० किलोवॉटचा असा प्रकल्प झाला. बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यातल्या तमकुहा गावात हस्क पॉवर सिस्टिम्सने २००७ मध्ये भाताच्या कोंड्यावर वीज करून घरोघरी दिवे लावले.

चौथा रस्ता, कुजवून गॅस. शेण, मळी, खरकटं हवाबंद टाकीत कुजलं की मिथेन वायू निघतो. घरचा गोबर गॅस तो हाच. मोठ्या प्रमाणावर हा गॅस शुद्ध करून, दाबून गाडीत भरण्याजोगा केला की त्याला सीबीजी म्हणतात. त्यासाठी केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ योजना सुरू केली.

माल एवढा आहे, तर अडलं कुठे?

अडलं ते तंत्रज्ञानापेक्षा जास्त गोळा करण्यात. एक साधा हिशेब बघा.

१० मेगावॉटचा बायोमास वीज प्रकल्प वर्षाला सात हजार तास चालला तर सात कोटी युनिट वीज होते. एका युनिटला साधारण सव्वा किलो माल लागतो. म्हणजे वर्षाला ८५ ते ९० हजार टन. एकरी एक टन पऱ्हाटी धरली तर एका छोट्या प्रकल्पाला ८५ ते ९० हजार एकरांतली पऱ्हाटी पाहिजे. ती मिळते दोन-तीन महिने आणि प्रकल्प चालवायचा बारा महिने. साठवायला मोठी जागा, पावसापासून आडोसा, आगीची भीती, उंदीर-वाळवी हे सगळं आलं.

त्यात माल हलका आणि फुगीर. ट्रॉली डोंगराएवढी दिसते, काट्यावर गेली की वजन थोडंच. डिझेल तर तेवढंच लागतं.

आणखी एक अडचण बऱ्याच राज्यांत दिसली. प्रकल्प उभा राहताना माल फुकटात मिळेल असं धरलं जातं. प्रकल्प सुरू झाला, वीटभट्ट्या आणि बॉयलरवालेही तोच माल मागू लागले की भाव चढतो. विजेचा दर मात्र कराराने बांधलेला. मग प्रकल्प तोट्यात जातो, बंद पडतो आणि ज्यांनी माल टाकला त्यांचे पैसे अडकतात.

गॅसिफायरचा अनुभवही बोलका आहे. वायूतलं डांबर साफ ठेवणं, रोज माल पुरवणं, शिकलेला माणूस गावात टिकवणं हे सोपं नसतं. हस्क पॉवरसुद्धा पुढे सौर ऊर्जेकडे आणि सौर-बायोमास जोडप्रकल्पांकडे वळली. ‘सतत’ योजनेतही २०२३ पर्यंत ५ हजार सीबीजी प्रकल्पांचं लक्ष्य होतं. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही पोचली नाही.

यातून एक गोष्ट कळते. बायोमासमध्ये जो माल आपोआप एका जागी जमा होतो तो लवकर चालतो, जसं चिपाड, मळी, कोंडा, गोठ्यातलं शेण. शेतात पसरलेल्या मालाचं गणित मात्र अंतर आणि ओलावा या दोन गोष्टी ठरवतात.

विकायची झाली तर हिशेब असा मांडा

ओलाव्याचं गणित आधी समजून घ्या. एक टन म्हणजे हजार किलो पऱ्हाटीत ३० टक्के ओलावा असेल तर वाळलेला माल ७०० किलोच. कारखाना १० टक्के ओलाव्याचा भाव देत असेल तर तुमचे हजार किलो त्यांच्या वहीत ७७८ किलो होतात. म्हणजे पाणी वाहून नेण्याचं भाडं तुमचं आणि वजनातली कपातही तुमचीच. उपटलेली पऱ्हाटी उन्हात चांगली वाळू दिली तर हे नुकसान टळतं. मातीचंही तसंच. मुळांना चिकटलेली माती झटकून टाका. ती जळत नाही, राख वाढवते आणि माल नापास होतो.

आता खर्च. खालचे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत, बाजारभाव नाहीत.

- कारखान्यावर भाव: टनाला ३,००० रुपये
- उपटणी आणि गोळा करणे: १,००० रुपये
- कुट्टी: ६०० रुपये
- भरणी आणि २० किलोमीटर वाहतूक: ८०० रुपये
- उरले: ६०० रुपये

याच हिशेबात कारखाना ४० किलोमीटरवर असेल आणि वाहतूक १,५०० झाली, तर १०० रुपये पदरचे जातात. म्हणून ‘भाव किती’ एवढंच विचारून चालत नाही. भाव शेतातल्या ढिगाचा की कारखान्याच्या काट्यावरचा, हे आधी ठरवा. उपटणी तर तशीही करावीच लागते, त्यामुळे काही शेतकऱ्यांना व्यापाऱ्याने स्वतःच्या मजुरांनी शेत मोकळं करून दिलं तरी तो सौदा परवडतो. नांगरणीआधीची मजुरी वाचते, तोच खरा फायदा.

सगळंच विकू नका

पऱ्हाटी, कुटार, पाचट यांना शेतात आणि गावात आधीपासूनच काम आहे. विकण्याआधी चार जणांचा वाटा बाजूला काढावा लागतो.

मातीचा वाटा: पीक जाळलं की त्यातला कर्ब आणि नत्र हवेत जातो, राखेत थोडंफार पालाश उरतं. पीक विकलं तर सगळंच बाहेर जातं. दरवर्षी सगळं उचललं तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटत जातो आणि खताचा खर्च वाढतो. उसाचं पाचट तर सरीत आच्छादन म्हणून ठेवणंच फायद्याचं, पाणीही वाचतं. श्रेडरने पऱ्हाटीची कुट्टी करून ती शेतात गाडणं किंवा शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजवणं हा चांगला पर्याय आहे. एक वर्ष विकायचं आणि एक वर्ष गाडायचं, असंही करता येतं.

ढोरांचा वाटा: सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं कुटार आणि कडबा हा चारा आहे. ब्रिकेटवाल्याने चार पैसे जास्त दिले म्हणून तो विकला आणि मे महिन्यात चढ्या भावाने चारा आणला, तर तो धंदा तोट्याचाच.

चुलीचा वाटा: उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघरी सिलिंडर गेलं. तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून अनेक घरांत सरपणावरच होते. भूमिहीन घरातल्या बायका शेतमालकाला विचारून पऱ्हाटी-तुराटीचे भारे नेतात. बऱ्याच गावांत उपटणीची मजुरीच पऱ्हाटीच्या रूपात मिळते. कारखान्याचा ट्रक आला की पहिल्यांदा बंद होतं ते हे सरपण, आणि याची नोंद कुठल्याच प्रकल्प अहवालात नसते. गावाने सौदा करताना हा वाटा आधी बाजूला काढला तर भांडण होत नाही.

पुढच्या पिकाचा वाटा: पऱ्हाटीवर राहिलेल्या हिरव्या-अर्धवट बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ जूनपर्यंत ठेवले तर त्यातूनच पुढच्या कापसावर पतंग जातात. त्यामुळे फरदड घेऊ नये, वेचणी संपल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या चारून घ्याव्यात आणि पऱ्हाटीची लगेच कुट्टी करावी. ‘कारखान्याची गाडी येणार आहे’ म्हणून महिनोन् महिने ढीग लावून ठेवणं धोक्याचं.

घरच्या घरी: गोबर गॅस

विकायच्या मालाची भानगड नको असेल, तर ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरं बांधलेली आहेत त्याच्यासाठी बायोमासचा सगळ्यात खात्रीचा उपयोग आजही गोबर गॅसच. खादी आयोगाचा वर तरंगणाऱ्या टाकीचा नमुना जुना. १९८४ मध्ये आलेला ‘दीनबंधू’ हा जमिनीखालच्या घुमटाचा नमुना स्वस्त पडतो. देशभरात आतापर्यंत ५० लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रं बसली, पण बंद पडलेलीही कमी नाहीत.

- दोन घनमीटर संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं.
- चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो.
- एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजी. महिन्याला कागदावर पावणेदोन सिलिंडरपेक्षा थोडी जास्त बचत दिसते. थंडीत गॅस कमी निघतो, एखाद्या दिवशी शेण कमी पडतं. तरी महिन्याला एक सिलिंडर वाचलं तरी फायदाच.
- बाहेर येणारी स्लरी हे चांगलं कुजलेलं खत. गोवऱ्या थापून जाळलं की शेण गेलं. इथे गॅसही मिळतो आणि खतही.

बंद पडण्याची कारणं ठरलेली आहेत. जनावरं विकली, दिवसभर चरायला गेल्याने शेण गोठ्यात पडलंच नाही, उन्हाळ्यात पाणी नाही, घुमटाला तडा गेला आणि दुरुस्त करणारा गवंडी मिळाला नाही. त्यामुळे अनुदान आहे म्हणून बसवू नका, रोजचं शेण मोजून बसवा. जनावरं नसतील तर खरकट्यावर आणि पिठावर चालणारं छोटं संयंत्रही आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने ते तयार केलं. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेला पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ मध्ये आणि या छोट्या बायोगॅससाठी २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

योजना कोणत्या?

२०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम आणला. त्यात घरगुती बायोगॅस, मोठे बायोगॅस प्रकल्प आणि ब्रिकेट-पेलेट कारखाने यांना मदत ठेवली होती. छोट्या बायोगॅसला आकारानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये अनुदान होतं. दर आणि मुदत बदलत असतात. त्यामुळे बांधकाम सुरू करण्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात सध्याचा दर विचारा. मोठ्या प्रकल्पांची माहिती महाऊर्जाच्या कार्यालयात मिळते. आधी बांधायचं आणि मग अर्ज करायचा, असं केल्यास अनुदान अडकू शकतं.

सीबीजीसाठी शहरांच्या गॅस वितरणात त्याचं मिश्रण टप्प्याटप्प्याने बंधनकारक करायचं ठरलं आहे. २०२५-२६ मध्ये १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के. म्हणजे मागणी वाढण्याची शक्यता आहे. पण भागीदारीसाठी पैसे मागणारा कोणी आला, तर सरकारचं धोरण म्हणजे त्या कंपनीची हमी नव्हे, हे लक्षात ठेवा.

सौदा करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. भाव शेतावरचा की कारखान्याच्या काट्यावरचा?
२. ओलावा किती टक्के चालतो, तो कोण मोजणार आणि कसा?
३. कपात किती आणि कशाकशाची?
४. पैसे किती दिवसांत, खात्यावर की रोख?
५. माल कोणत्या तारखेपर्यंत उचलणार? नाही उचलला तर काय?
६. हे सगळं कागदावर आहे का?

एकट्या शेतकऱ्याच्या दोन ट्रॉल्यांना कोणी विचारत नाही. दहा-पंधरा गावांची शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गटांचा संघ असेल, स्वतःचं श्रेडर आणि वजनकाटा असेल, तर भाव सांगण्याची ताकद येते. सुटी पऱ्हाटी विकण्यापेक्षा कुट्टी विकली तर वाहतूक वाचते आणि गावातल्या हातांना उन्हाळ्यात काम मिळतं. मात्र ब्रिकेटचं मशीन घेण्याआधी माल घेणारा पक्का करा. मशीन आधी आणि गिऱ्हाईक नंतर, या नादात कर्ज अंगावर येतं.

थोडक्यात, धुऱ्यावर काडी लावणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्यात ना पैसा, ना खत, ना सरपण. जमीन हलकी असेल तर पऱ्हाटी आधी तिला द्या. कारखाना जवळ असेल, माल वाळलेला असेल आणि करार कागदावर असेल तर उरलेली विका. आणि शेजारच्या घरची चूल त्याच पऱ्हाटीवर पेटत असेल, तर दोन भारे तिच्यासाठी धुऱ्यावर ठेवून मगच ट्रॉली भरा.